भट्टी आणि साचा एकाच शेडात लागतो : एमआरआय खरेदी समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
एमआरआय यंत्र खरेदी समिती,
कोल्हापूर

विषय : निविदेतून काढलेली मल्टिन्यूक्लिअरची अट परत घालण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

रुग्णालयाच्या नव्या एमआरआय यंत्रासाठी काढलेल्या तुमच्या निविदेचं दुसरं शुद्धिपत्रक मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, छपाईत एक ओळ सुटली असेल. मूळ निविदेत तांत्रिक अटींच्या शेवटी लिहिलं होतं की यंत्र मल्टिन्यूक्लिअर असावं, म्हणजे हायड्रोजनखेरीज कार्बन-13, फॉस्फरस-31 अशा अणूंचेही सिग्नल त्याला ऐकता यावेत. शुद्धिपत्रकात ही ओळ नाही. चौकशी केल्यावर कळलं, ओळ सुटलेली नाही, काढलेली आहे.

त्यावर मी तुमच्या कार्यालयात तीन पत्रं दिली. तिन्हींवर आवकचा शिक्का बसला, जावक काही झाली नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. यंत्र जनतेच्या पैशातून येणार आहे, तेव्हा काय आणि का वगळलं हे जनतेलाही कळू दे.

मी कुठल्या कंपनीचा एजंट नाही. एकतीस वर्षं या शहरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झालो. चुंबकीय अनुनादाचा धडा दरवर्षी शिकवला आणि दरवर्षी मुलांनी तो ऑप्शनला टाकला. पुढे हा धडा माझ्याच घरात येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होता. मोल्डरपासून सुरुवात करून सुपरवायझर झाला. पुढे दोन दोस्तांबरोबर उद्यमनगरात स्वतःची छोटी शेड टाकली, तिसरा हिस्सा त्याचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. त्यानंतर तीन महिन्यांनी एमआरआय काढला, तर गाठ काढलेल्या जागेच्या कडेला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : गाठ पुन्हा वाढत असावी किंवा रेडिएशनचा परिणाम असावा, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

यात डॉक्टरांची काही चूक नव्हती. एमआरआयच्या आधी शिरेतून जे गॅडोलिनियमचं औषध देतात, ते रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत जिथे गळकी झालीय तिथे झिरपतं आणि ती जागा उजळते. भिंत गाठीमुळेही गळकी होते आणि रेडिएशनमुळेही. चित्रात दोन्ही सारखंच पांढरं दिसतं.

त्या आठ आठवड्यांतल्या पाचव्या आठवड्यात दादानं शेडमधला आपला हिस्सा मिळेल त्या किमतीला विकून टाकला. "माझ्यामागं तुमास्नी हिशेबाचा ताप नको," एवढंच म्हणाला. नवव्या आठवड्यात दुसरा स्कॅन झाला. ठिपका आक्रसलेला होता. दादा आज सकाळीसुद्धा रंकाळा तलावाला चक्कर मारून आला. शेड मात्र गेली.

कार्बन-13 चे सिग्नल ऐकणाऱ्या एमआरआयनं त्या ठिपक्याचा छडा लावला असता, असा दावा मी करणार नाही. मेंदूच्या गाठींवर तेवढं काम अजून झालेलं नाही आणि रुग्णांना खोटी आशा दाखवणं मला मान्य नाही. पण त्या आठ आठवड्यांत आम्हाला जो प्रश्न पडला होता, त्याच प्रश्नासाठी हे तंत्र निघालंय. साधा एमआरआय आपल्याला ठिपक्याचा आकार सांगतो. तो ठिपका काय खातो आणि खाल्लेल्याचं काय करतो, हे हे तंत्र विचारतं.

समितीत सगळेच या विषयाचे नसतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपण खाल्लेल्या साखरेचं पेशीत पायरुवेट होतं. ऑक्सिजन असेल तर निरोगी पेशी त्यातलं बरंचसं जाळून ऊर्जा काढते. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ऑक्सिजन मुबलक असतानाही पायरुवेटचं लॅक्टेट करत बसतात. ज्या लॅक्टिक आम्लानं दही आंबट होतं, त्याचंच हे रूप. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात ही खोड ओळखली. तेव्हा पायरुवेट शरीरात सोडून ते कुठे लॅक्टेट होतं हे बाहेरून पाहता आलं, तर पेशीच्या चुलीवर काय शिजतंय हे सुरी न लावता कळेल.

अडचण आहे ती कार्बनची. साधा कार्बन-12 एमआरआयला मुका असतो. बोलतो तो कार्बन-13, आणि तो निसर्गात शंभरात जेमतेम 1.1 भाग. त्याची चुंबकीय ताकद हायड्रोजनच्या पाव. शिवाय खासबाग मैदान गच्च भरलंय आणि निम्मे लोक एका पैलवानाच्या नावानं तर निम्मे दुसऱ्याच्या नावानं ओरडतायत अशी कल्पना करा. बाहेर रस्त्यावर कुणाचंच नाव कळणार नाही. 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबकात, शरीराच्या तापमानाला, कार्बन-13 ची नेमकी हीच गत असते. दहा लाखांमागे दोन-तीन अणूंचाच काय तो एका बाजूला कल उरतो.

हायपरपोलरायझेशन म्हणजे मैदानातले बरेचसे लोक एकाच नावानं ओरडायला लावणं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या अल्बर्ट ओव्हरहाउसर यांची, 1953 सालची. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व अणुकेंद्रापेक्षा शेकडो पटींनी जोरकस असतं, तर इलेक्ट्रॉनची शिस्त केंद्रकाला का लावू नये? भल्याभल्यांना ते पटलं नव्हतं. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियमवर प्रयोग करून ते दाखवून दिलं. (समित्यांना न पटलेल्या गोष्टींची यादी बरीच जुनी आहे, एवढंच यावरून म्हणतो.) पुढे 2003 मध्ये स्वीडनमधल्या माल्म्यो इथे आर्डेनक्येर-लार्सन, गोलमन आणि सहकाऱ्यांनी असा शिस्त लावलेला पदार्थ गोठलेल्या अवस्थेतून एकदम द्रवात आणला आणि दहा हजार पटींहून जास्त सिग्नल मिळवला.

पद्धत अशी. कार्बन-13 घातलेलं पायरुविक आम्ल एका खास रॅडिकलबरोबर (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या पदार्थाबरोबर) मिसळून उणे 272 अंशांच्या आसपास गोठवतात, चुंबकात ठेवतात आणि तासभर किंवा त्याहून जास्त वेळ मायक्रोवेव्ह देतात. मग उकळत्याहून गरम पाण्याचा फवारा मारून ते एका क्षणात विरघळवतात. रॅडिकल गाळून घेतात, आम्लता, तापमान आणि सांद्रता तपासतात आणि रुग्णाच्या शिरेतून देतात. साठ किलोच्या माणसाला साधारण 26 मिलिलिटर. किरणोत्सर्ग अजिबात नाही.

आणि इथून घड्याळ सुरू होतं. ही शिस्त टिकत नाही. साधारण दर मिनिटाला ती 37 टक्क्यांवर येते. दोन मिनिटांनी शंभरातले 13-14 उरतात, तीन मिनिटांनी पाच. शरीरात गेल्यावर आणखी लवकर ओसरते.

दादा घरी पडून होता तेव्हा त्याला हे सगळं सांगत होतो. खरं तर त्याचं मन रमवायला. तो उठून बसला. म्हणाला, "आरं, म्हंजे आमचं फेडिंगच की हे." फौंड्रीबाहेरच्यांसाठी सांगतो : एस. जी. आयर्न करताना वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम टाकतात, त्यानं आतल्या ग्राफाइटचे गोळे बनतात आणि लोखंड चिवट होतं. पण मॅग्नेशियम टिकत नाही. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड नेायचं भांडं, साच्यापाशी पोचून ओतून व्हायला दहाएक मिनिटं मिळतात. त्यात उशीर झाला तर मेटल दिसायला तसंच, पण गोळे बनत नाहीत आणि कास्टिंग रिजेक्ट. "म्हणून तर भट्टी आन साचा एकाच शेडात लागतोय," दादा म्हणाला. "भट्टी उद्यमनगरात आन साचं कागलला, असं कोण करंल?"

जे मुलांना वर्षानुवर्षं समजावता आलं नाही, ते त्याला दोन मिनिटांत कळलं. तुम्हाला पत्र लिहिताना मी त्याचंच वाक्य डोळ्यांपुढे ठेवलंय.

आता तक्रारी.

पहिली, आणि मला सर्वात लागलेली. माहितीच्या अधिकारात मला तुमच्या बैठकीच्या टिप्पणीची प्रत मिळाली. मल्टिन्यूक्लिअर का नको, याचं कारण एका वाक्यात दिलंय : कार्बन आयसोटोप असल्यानं अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागेल, तरी ही बाब वगळावी. महोदय, किरणोत्सर्गी असतो तो कार्बन-14, ज्यानं जुन्या हाडांचं वय काढतात. पेट स्कॅनला कधी कधी कार्बन-11 वापरतात, तोही किरणोत्सर्गी. कार्बन-13 स्थिर आहे. तो तुमच्या-माझ्या हाडांत आहे, सकाळी चहात पडलेल्या गुळात आहे. उलट ऊस ज्या पद्धतीनं हवेतला कार्बन घेतो, त्यामुळे उसाच्या साखरेत तो भातापेक्षा किंचित जास्तच असतो. मधात उसाची साखर मिसळली की प्रयोगशाळेत पकडतात ती याच फरकावरून. कार्बन-13 ला त्या मंडळाचा परवाना लागत असता, तर आधी आपल्या गुऱ्हाळांना लागला असता. माणसाला औषध म्हणून पायरुवेट द्यायचं तर औषध नियंत्रकांची आणि नैतिकता समितीची परवानगी लागेल, आणि ती लागलीच पाहिजे. पण तो प्रश्न वेगळा आणि यंत्राच्या खरेदीनंतरचा. तेरा आणि चौदा यांतल्या गल्लतीवर एवढा मोठा निर्णय झालाय, आणि त्या टिप्पणीखाली सात सह्या आहेत.

दुसरी तक्रार, कुणाला विचारलं नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून याच शहरात आहे. तिथे भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे. एक फोन पुरला असता. सात सह्यांत एकही भौतिकशास्त्राचा नाही, फार्मसीचा नाही, आणि ज्याला ते यंत्र रोज चालवायचंय त्या तंत्रज्ञाचा तर नाहीच.

तिसरी. कार्यालयात मला तोंडी उत्तर मिळालं : "सर, हे मुंबई-पुण्याला होऊ दे. आपण पेशंट बघायचे का प्रयोग करायचे?" या प्रश्नातला अर्धा भाग मला मान्य आहे. आपल्याकडे साध्या एमआरआयसाठी लोक आठवडेच्या आठवडे ताटकळतात. नव्या यंत्रावर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत गुडघे, मणके आणि डोकीच तपासली जाऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण "पुण्याला होऊ दे" हे इथे चालत नाही, ते केवळ या साठ सेकंदांमुळे. पेट स्कॅनच्या फ्लोरीन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं आहे. ते चार तासांच्या प्रवासानंतरही पाचातला एक हिस्सा उरतं, म्हणून गाडीनं आणता येतं. हायपरपोलराइझ्ड पायरुवेट पुण्याहून निघालं, तर कात्रजच्या बोगद्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही. जिथे यंत्र, तिथेच ते बनवावं लागणार. कोल्हापूरच्या यंत्राला कार्बन ऐकू येत नसेल, तर सातारा, सांगली, बेळगाव, सिंधुदुर्ग इथल्या ज्या रुग्णाला इकडे यायचंय त्याच्यासाठीही दार बंद झालं.

शाहू महाराजांनी पुढच्या पिढ्यांचा विचार करून बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचं उदाहरण इथे द्यायचा मोह होतोय. पण कोल्हापूरच्या प्रत्येक निवेदनात ते असतंच, म्हणून आवरतो.

चौथी तक्रार इमारतीबद्दल. तळमजल्यावर एमआरआयची खोली आखलीय, तिच्या शेजारची खोली नकाशात "स्टोअर" आहे, आणि निर्जंतुक औषधं बनवायची जागा, म्हणजे पायरुवेट जिथे तयार करावं लागेल ती, दुसऱ्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. बांधकाम चालू असताना वॉचमनच्या परवानगीनं मी ते अंतर हातात घड्याळ घेऊन चाललो. जिना, कॉरिडॉर, दोन वळणं. लिफ्ट अजून बसलेली नाही, म्हणून तिची वाट पाहण्याचा वेळ धरला नाही. चार मिनिटं दहा सेकंद लागले. तेवढ्या वेळात शंभरातले दीड उरतात. बाकी साडेअठ्ठ्याण्णव कॉरिडॉरमध्ये सांडले म्हणा.

आता पैशाचं. पोलरायझर, म्हणजे कार्बनला ही शिस्त लावणारं यंत्र, आज घ्या, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तो महाग आहे, त्याला हेलियमची व्यवस्था लागते, आणि तंत्र अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. माणसांवरचा पहिला अभ्यास 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला, प्रोस्टेट कर्करोगाच्या 31 रुग्णांवर. 2016 मध्ये टोरंटोत निरोगी माणसांच्या हृदयाची चित्रं घेतली गेली. नंतर केंब्रिजमध्ये स्तनाच्या गाठींवर, आणखी ठिकाणी मेंदूवर आणि मूत्रपिंडावर काम झालं. रोजची तपासणी म्हणून हे अजून कुठे रुळलेलं नाही. शिवाय पोलरायझरची पद्धतही बदलतेय. पॅराहायड्रोजन, म्हणजे हायड्रोजन वायूचा एक खास प्रकार, वापरून एवढ्या कडाक्याच्या थंडीशिवाय, काही मिनिटांत तेच साधायचा दुसरा रस्ता आहे. तो 1986-87 मध्ये अमेरिकेत बॉवर्स आणि वाइटेकॅम्प यांनी दाखवला आणि आता वैद्यकाकडे वळतोय. दहा वर्षांनी यांतलं कुठलं यंत्र स्वस्त असेल, मला सांगता येणार नाही. पण रस्ता कुठलाही असो, शेवटी एमआरआयला कार्बन-13 ऐकता आला पाहिजे. 3 टेस्लाला हायड्रोजन 128 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि कार्बन-13 सुमारे 32 वर. रेडिओत ते स्टेशनच नसेल, तर गायक कितीही चांगला असून काय उपयोग? आणि एमआरआय आपण दर दोन वर्षांनी बदलत नाही. आज वगळलेली ओळ दहा-बारा वर्षांसाठी वगळली जाते. मागाहून बसवायची म्हटली तर नवा अॅम्प्लिफायर, नवं सॉफ्टवेअर, आणि तेवढे दिवस यंत्र बंद.

ही ओळ फक्त कार्बनपुरती नाही, हेही टिप्पणीत कुणी लिहिलेलं नाही. त्याच सोयीनं फॉस्फरस ऐकता येतो आणि स्नायूंत, हृदयात ऊर्जेचा साठा किती आहे हे पाहता येतं. ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, तंत्र तर आपल्यासारख्यांना जास्त जवळचं. 2018 मध्ये येल विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की ड्युटेरियम घातलेलं ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन मेंदूच्या गाठीत त्याचं लॅक्टेट होताना पाहता येतं. पोलरायझर नाही आणि साठ सेकंदांची धावपळही नाही. साखरेच्या जिल्ह्यात साखरपाणी पाजून करायच्या तपासणीचं दार आपण स्वतःच्या हातानं लावून घेतोय.

म्हणून माझ्या मागण्या. त्या मोजक्या आहेत आणि एकही अव्वाच्या सव्वा नाही.

1. मल्टिन्यूक्लिअरची अट निविदेत परत घाला. किंमत परवडणार नाही असं वाटत असेल, तर ती ऐच्छिक बाब म्हणून वेगळ्या दरात मागवा. आकडा समोर आल्यावर नाही म्हणा, त्याआधी नको.

2. एमआरआयला लागून असलेली "स्टोअर"ची खोली राखीव ठेवा. जड यंत्र पेलेल अशी फरशी, हेलियम बाहेर सोडायला पाइपाची वाट आणि दोन खोल्यांमध्ये नळी जाईल एवढी खिडकी. भिंत उभी राहण्याआधी हे करायला फारसं काही लागत नाही.

3. टिप्पणीतलं किरणोत्सर्गाचं वाक्य लेखी दुरुस्त करा. ते तसंच राहिलं, तर पुढची समिती त्याचाच आधार घेईल.

4. तांत्रिक उपसमितीत विद्यापीठातले दोघे आणि किमान एक एमआरआय तंत्रज्ञ घ्या.

5. हे सगळं होईपर्यंत आणि झाल्यावरसुद्धा, "कर्करोगाचा नवा एमआरआय" अशी जाहिरात रुग्णालयाच्या नावानं कुणालाही करू देऊ नका. माझ्यासारख्यांच्या पत्रामुळे कुणाची फसवणूक झाली तर ते मला सोसणार नाही.

निविदापूर्व बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे, असं शुद्धिपत्रकात म्हटलंय. त्या दिवशी सकाळी दहाला मी इमारतीच्या दारात उभा असेन. समितीतल्या ज्या कुणाला यायचंय त्यांनी बैठकीआधी पंधरा मिनिटं काढून तिथे यावं. तिसऱ्या मजल्यापासून एमआरआयच्या खोलीपर्यंत आपण एकत्र चालू आणि वेळ मोजू. दादाही येणार म्हणतोय. त्याला जिने फार चढवत नाहीत, म्हणून तो खालीच थांबेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
कोल्हापूर

ता. क. : तिन्ही पत्रांच्या आवक शिक्क्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तिसऱ्या पत्रावर विषयाच्या रकान्यात कुणीतरी "कार्बन कॉपीबाबत" असं लिहिलंय. तेवढंही दुरुस्त व्हावं.